प्रो. चंद्रशेखर यांची सौंदर्यदृष्टि

शास्त्रज्ञानें सौंदर्याविषयीं बोलूं लागावें, हें आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांना अद्याप चमत्कारिक वाटतें. शास्त्राचा प्रांत सत्याचा व काव्याचा प्रांत सौंदर्याचा, अशी वाटणी आपण शाळेंतच करून टाकलेली असते. आणि एकाच घरांत गणिताकडे गेलेला मुलगा व साहित्याकडे वळलेली मुलगी असली, म्हणजे त्यांना एकमेकांचे विषय परके वाटणार, हें आपण गृहीतच धरतों. ही वाटणी ज्यांना सुखाची वाटत नाहीं, अशा वाचकांसाठीं एका ग्रंथाचा येथें परामर्श घ्यावयाचा आहे. ग्रंथ तसा नवा नाहीं. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचीं सात व्याख्यानें ‘ट्रूथ अँड ब्यूटी’ या नांवानें शिकागो विद्यापीठानें १९८७ सालीं प्रसिद्ध केलीं. त्याच्या चार वर्षें आधीं, १९८३ मध्यें, त्यांचा कृष्णविवरांच्या गणितावरील प्रचंड ग्रंथ ऑक्सफर्डहून बाहेर पडला होता, आणि त्याच वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिकहि मिळालें. हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचले, तर त्यांतून एक प्रश्न उभा राहतो व तो आपल्या साहित्यविचारालाहि सोडीत नाहीं. सौंदर्याची जाणीव ही सत्याच्या वाटेवरील वाटाड्या आहे, कीं चकवा आहे?

या प्रश्नाचें मूळ चंद्रशेखर यांच्या चरित्रांतच असल्यामुळें तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. त्यांचा जन्म १९१० सालीं लाहोरास झाला व शिक्षण मद्रासेंत, प्रेसिडेन्सी कॉलेजांत झालें. १९३० च्या जुलैअखेर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, ते मुंबईहून बोटीनें इंग्लंडला निघाले. त्या प्रवासांत त्यांनीं जें गणित केलें, त्यानें पुढें ताऱ्यांच्या मरणाविषयींची मानवाची कल्पनाच बदलून टाकली. तारा जळत असतो तोंपर्यंत त्याच्या पोटांतील उष्णतेचा दाब त्याला बाहेर रेटतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला आंत ओढतें. या दोहोंच्या तोलावर तारा उभा असतो. इंधन संपलें म्हणजे तोल ढळतो व तारा आकुंचन पावूं लागतो. असे आकसलेले तारे आकाशांत आहेत. त्यांना श्वेत बटू म्हणतात. लुब्धकाचा मंद जोडीदार हा त्यांपैकींच एक. त्याचें वस्तुमान सुमारें सूर्याएवढें, पण आकार सुमारें पृथ्वीएवढा. काडेपेटींत मावेल एवढें त्याचें द्रव्य येथें आणून तोललें, तर तें कित्येक टन भरेल. असा तारा कोलमडून कां पडत नाहीं, याचें उत्तर केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांनीं १९२६ सालीं दिलें होतें. अतिशय दाटीनें कोंडलेले इलेक्ट्रॉन आणखी जवळ येण्यास विरोध करितात व तो विरोध हाच अशा ताऱ्याचा शेवटचा टेकू असतो, असें तें उत्तर.

बोटीवरील तरुणानें या उत्तरांत एक उणीव पाहिली. तारा जितका जड, तितके आंतील इलेक्ट्रॉन वेगवान. आणि तो वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोंचला, कीं आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लावल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो लावला, तर टेकू पुरेसा पडत नाहीं! हें गणित पुढें काटेकोर झालें तेव्हां निष्कर्ष असा निघाला, कीं सूर्याच्या सुमारें १.४ पटींपेक्षां अधिक वस्तुमान उरलेल्या ताऱ्याला श्वेत बटू म्हणून विसावतांच येत नाहीं. मग त्याचें काय होतें? चंद्रशेखर यांनीं त्या वेळीं एवढेंच म्हटलें होतें, कीं अशा ताऱ्यासाठीं दुसऱ्या कांहीं शक्यतांचा विचार करावा लागेल.

तारीख ११ जानेवारी १९३५. लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेंत चोवीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनीं आपला निबंध वाचला. त्यांच्या मागून सर आर्थर एडिंग्टन उठले. १९१९ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं प्रिन्सिपे बेटावर जाऊन, सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वांकतो याचा पुरावा आणणारे व सापेक्षतावाद इंग्लंडांत रुजविणारे ते हेच एडिंग्टन. ट्रिनिटी कॉलेजांत ते या तरुणाच्या खोलीवर येऊन त्याच्या गणिताची प्रगति पाहात असत; परंतु आपण त्याचें खंडन करणार आहों, याची त्यांनीं त्याला पूर्वसूचना दिली नव्हती. सभेंत त्यांनीं सांगितलें तें असें: हें गणित खरें मानलें, तर तारा प्रकाश टाकीत टाकीत आकसतच राहील, शेवटीं त्याचें गुरुत्वाकर्षण प्रकाशालाहि धरून ठेवील इतकें प्रबळ होईल व तेव्हांच त्याला शांति मिळेल. हें इतकें विपरीत आहे, कीं ताऱ्याला असें वागूं न देणारा एखादा निसर्गनियम असलाच पाहिजे! सभेंत हंशा झाला. नील्स बोर, पाउली यांच्यासारख्या धुरीणांचें मत खाजगी रीतीनें चंद्रशेखर यांच्या बाजूनें पडलें. उघडपणें मात्र कोणी पुढें आलें नाहीं.

या प्रसंगाकडे म्हातारा अधिकारी व तरुण बंडखोर यांची लढाई म्हणून पाहण्याची रीत पडून गेली आहे. त्यांत तथ्य आहे, पण खरें मर्म त्यांत नाहीं. मर्म हें, कीं कृष्णविवराचें चित्र त्या सभेंत प्रथम स्पष्टपणें काढलें तें एडिंग्टन यांनींच. त्यांना तें दिसलें नाहीं असें नाहीं. तें त्यांना आवडलें नाहीं. निसर्ग इतका अनुचित वागणार नाहीं, असा त्यांच्या रुचीनें निकाल दिला, आणि त्या निकालापुढें त्यांनीं गणिताला हात जोडून उभें केलें.

चंद्रशेखर यांनीं वाद वाढविला नाहीं. ते १९३७ सालीं अमेरिकेंत शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेंत गेले. १९३९ मध्यें ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहून त्यांनीं त्या विषयाचा निरोप घेतला. पुढें त्यांचा हाच क्रम झाला. एक विषय घ्यावयाचा, कित्येक वर्षें त्यांत बुडून जावयाचें, शेवटीं त्यावर एक पूर्णाकार ग्रंथ लिहावयाचा आणि उठून दुसऱ्या विषयाकडे जावयाचें. ज्या कोड्यापासून ते तरुणपणीं दूर झाले होते, त्याकडे ते साठी उलटल्यावर परत आले. दरम्यान १९३९ सालीं ओपेनहायमर व स्नायडर यांनीं ताऱ्याच्या कोसळण्याचें गणित मांडलें होतें. १९६३ मध्यें न्यूझीलंडचे रॉय केर यांनीं स्वतःभोंवतीं फिरणाऱ्या कृष्णविवराचें वर्णन करणारें, आइन्स्टाइनच्या समीकरणांचें नेमकें उत्तर शोधून काढलें होतें. या उत्तरानें चंद्रशेखर यांचें मन व्यापून टाकलें. गणिती मनानें केवळ सौंदर्याच्या ओढीनें जें शोधलें, त्याचीच हुबेहूब प्रतिकृति विश्वांत असंख्य ठिकाणीं वसत असावी, हा आपल्या सर्व शास्त्रीय आयुष्यांतील सर्वांत हादरवून टाकणारा अनुभव होय, असें त्यांनीं सांगितलें आहे.

त्यांना कृष्णविवर सुंदर कां वाटतें? पर्वत घ्या, झाड घ्या, सूर्य घ्या. प्रत्येकाच्या वर्णनाला शेंकडों गोष्टी लागतात. तो कशाचा बनला आहे, किती तापला आहे, त्याच्या पोटांत काय चाललें आहे, यांची यादी संपत नाहीं. एकान्तांत असलेलें कृष्णविवर मात्र, विद्युद्भार सोडून दिला तर, दोनच अंकांनीं पूर्ण सांगतां येतें: त्याचें वस्तुमान व त्याची फिरत. तें कोणत्या द्रव्यापासून बनलें, याची एकहि खूण बाहेर उरत नाहीं. दिक् व काल यांखेरीज त्याच्या घडणींत दुसरी सामग्री नाहीं. म्हणून विश्वांतील मोठ्या वस्तूंमध्यें हीच सर्वांत परिपूर्ण व तितकीच सर्वांत साधी, असें चंद्रशेखर आपल्या १९८३ च्या ग्रंथाच्या आरंभीं म्हणतात.

सौंदर्याच्या दोन कसोट्या ते वारंवार पुढें ठेवितात. एक फ्रान्सिस बेकनची: श्रेष्ठ सौंदर्याच्या प्रमाणबद्धतेंत कांहीं तरी अनोखेपणा असतोच. दुसरी हायझेनबर्गची: अवयवांचा परस्परांशीं व सर्वांचा मिळून अखिलाशीं योग्य मेळ म्हणजे सौंदर्य. या कसोट्या आपल्याकडील काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीच्या वाटल्याशिवाय राहणार नाहींत. नेहमींच्या वाटेपासून ढळण्यांत जो अपूर्वपणा असतो, त्याला काश्मीरी आलंकारिक कुंतकानें वक्रता म्हटलें व तिलाच काव्याचें जीवित मानलें; अंगांचा अंगीशीं मेळ यालाच अकराव्या शतकांतील क्षेमेंद्रानें औचित्य हें नांव दिलें. वक्रता व औचित्य यांचा संगम चंद्रशेखर यांना आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणांत आढळतो. वस्तूंच्या वजनामुळें दिक्कालच वांकतो, ही कल्पना अनोखी खरी. पण एकदां ती पत्करली, म्हणजे बाकीचें सर्व इतक्या सहज जुळत जातें, कीं दुसरी मांडणीच शक्य नव्हती असें वाटावें.

येथपर्यंत वाचक त्यांच्याबरोबर आनंदानें चालतो. मग मात्र तो अडखळतो. शास्त्रांतील सौंदर्य हें सत्याची हमी देतें, असा या व्याख्यानांचा एकंदर सूर आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ हरमान वाइल या थोर गणितज्ञाचा दाखला येतो. सत्य व सुंदर यांत निवड करण्याचा प्रसंग आला, तर आपण बहुधा सुंदराच्याच बाजूला गेलों, असें वाइलनें म्हटल्याचें चंद्रशेखर सांगतात, आणि पुढें काळानें वाइलचा पक्ष कसा खरा ठरविला तेंहि दाखवितात. पण हा दाखला नीट तपासला पाहिजे. वाइलनें १९१८ सालीं मांडलेला गुरुत्वाकर्षण व विद्युत् यांचा संयुक्त सिद्धान्त अत्यंत सुंदर होता, आणि त्या स्वरूपांत तो खोटा होता. तो खरा असता, तर अणूंच्या प्रकाशरेषा प्रत्येक अणूच्या पूर्वेतिहासाप्रमाणें बदलल्या असत्या, हा आक्षेप आइन्स्टाइननें लगेच घेतला होता. त्या सिद्धान्तांतील गाभ्याची कल्पना पुढें पुंजयामिकींत निराळ्या अर्थानें सजीव झाली, हें खरें. म्हणजे सौंदर्यानें येथें सत्याची हमी दिली नाहीं. ‘हें टाकून देऊं नका, कधीं तरी उपयोगी पडेल,’ एवढाच सल्ला दिला. सल्ला मोलाचा आहे, पण सल्ला व हमी यांत फरक आहे.

याहून मोठा पुरावा याच पुस्तकाच्या दुसऱ्या व्याख्यानांत पडून आहे. एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९८२ सालीं केंब्रिजमध्यें बोलण्याचा मान चंद्रशेखर यांना मिळाला. ज्यांनीं भर सभेंत आपलें हंसें केलें, त्यांच्याविषयीं एखादा काय बोलेल? चंद्रशेखर यांनीं त्यांना त्यांच्या काळांतील सर्वश्रेष्ठ ज्योतिर्भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गौरविलें, त्यांची चूकहि निःसंदिग्ध शब्दांत सांगितली, आणि कोठेंहि कटुता येऊं दिली नाहीं. या व्याख्यानांतील सभ्यता शिकण्यासारखी आहे. पण त्यांतच ते एका कोड्याजवळ येऊन थांबतात. सापेक्षतावादाच्या पहिल्या व कट्टर पुरस्कर्त्याला, ताऱ्यांच्या स्वाभाविक आयुष्यक्रमांतून कृष्णविवरें निपजावीं हा त्याच वादाचा परिणाम इतका असह्य कां वाटावा, हें आपल्याला समजणें कठीण जातें, असें ते म्हणतात व पुढें जातात.

माझ्या मतें या कोड्याचें उत्तर त्यांच्या शेजारच्याच व्याख्यानांत होतें, आणि त्यांनीं तें उचललें नाहीं. एडिंग्टन हे सौंदर्यदृष्टि नसलेले गृहस्थ नव्हते. त्या काळीं शास्त्राविषयीं त्यांच्याइतकें रसाळ इंग्रजी लिहिणारे फार थोडे होते. त्यांची रुचि बोथट होती म्हणून ते चुकले नाहींत; ती फार तीव्र होती व तिच्यावर त्यांचा अढळ विश्वास होता, म्हणून ते चुकले. सौंदर्य सत्याकडे नेतें असें म्हणणाऱ्यानें, त्याच सौंदर्यबुद्धीनें एवढ्या मोठ्या माणसाला सत्याच्या दारांतून परत कां फिरविलें, याचा जबाब दिला पाहिजे. ‘ट्रूथ अँड ब्यूटी’ या पुस्तकाची मुख्य उणीव हीच, कीं त्यांतील सौंदर्यावरील व्याख्यानें व एडिंग्टनवरील व्याख्यानें एकाच बांधणींत असून एकमेकांशीं बोलत नाहींत.

तरी जबाब आहे, आणि तो चंद्रशेखर यांच्या दुसऱ्या ग्रंथांत आहे. त्यांनीं तो शब्दांनीं न देतां श्रमांनीं दिला आहे. कृष्णविवरांवरील तो ग्रंथ सहाशेंहून अधिक पृष्ठांचा असून आरंभापासून शेवटपर्यंत समीकरणांनीं भरलेला आहे. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्यास कधीं दहा, कधीं वीस, तर कधीं पन्नास पानें गणित करावें लागेल, असें लेखक स्वतःच बजावतो; आणि कोणाला सर्व पडताळून पाहावयाचें असल्यास त्या गणिताचीं मोठ्या आकाराचीं सुमारें सहाशें पानें व आणखी सहा वह्या शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयांत ठेवल्या आहेत, असें सांगतो. या माणसाला कृष्णविवर सुंदर वाटलें तें असें गणित केल्यानंतर. एडिंग्टन यांना तें विद्रूप वाटलें तें गणिताच्या दारांत, उंबरा ओलांडण्यापूर्वीं.

सहृदयाचें लक्षण सांगतांना अभिनवगुप्तानें काव्याच्या सततच्या अभ्यासानें ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा, अशी अट घातली आहे. रुचि ही जन्मतः हातीं आलेली सनद नसून ती अभ्यासानें मिळवावयाची व पुनःपुन्हा पुसून घ्यावयाची वस्तु आहे, हा त्या अटीचा अर्थ. एडिंग्टन यांची रुचि एका काळीं अशीच मिळविलेली होती; नाहीं तर त्यांनीं आइन्स्टाइनला सर्वांच्या आधीं ओळखलें नसतें. परंतु १९३५ पर्यंत तिची सनद झाली होती. सनद झालेली रुचि निसर्गाला हुकूम सोडते. अभ्यासांत असलेली रुचि निसर्गाकडून बदलून घेते. मला वाटतें, वाटाड्या व चकवा यांतील भेद इतकाच आहे. दोघांचा चेहरा एकच असतो. एक तुम्हांला चालावयास लावतो, दुसरा तुम्ही पोंचलांत असें सांगतो.

ग्रंथांतील दुसरें महत्त्वाचें व्याख्यान १९७५ सालचें, शेक्सपीयर, न्यूटन व बेथोव्हेन यांच्या निर्मितीच्या घडणीविषयींचें. कवि व संगीतकार वयाबरोबर वाढत जातात, उतारवयांतच त्यांच्या हातून सर्वांत गहन कृति होतात. शास्त्रज्ञ मात्र बहुधा लौकर थांबतो, हें कां, असा त्यांत प्रश्न आहे. शेवटीं शेलीनें काव्याच्या समर्थनार्थ लिहिलेल्या निबंधाचा उल्लेख करून, शास्त्राचें असें समर्थन तितक्याच प्रतिभेच्या शास्त्रज्ञानें कां लिहिलें नाहीं, असें ते विचारतात. व्याख्यान विद्वत्तापूर्ण आहे, परंतु अवतरणांच्या गर्दींत लेखकाचा स्वतःचा आवाज पुष्कळ वेळां दबून जातो. व्याख्यानें निरनिराळ्या प्रसंगीं दिलेलीं, पहिलें १९४६ चें व शेवटचें १९८६ चें, त्यामुळें तेच विचार फिरून फिरून भेटतात, हाहि दोष आहे. मात्र शास्त्रज्ञ उतारवयांत सुकतो या म्हणण्याला सर्वांत सबळ अपवाद खुद्द व्याख्याताच ठरला. कृष्णविवरांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हां ते बहात्तर वर्षांचे होते. आणि १९९५ सालीं, मृत्यूच्या वर्षींच, न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’वरील त्यांचें विवरण बाहेर पडलें.

ज्याविषयीं हा सारा वाद झाला, ती वस्तु आतां कल्पनेंतील राहिलेली नाहीं. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, सूर्याच्या सुमारें ३६ व २९ पट वस्तुमानाचीं दोन कृष्णविवरें एकमेकांत मिसळल्याची लहर अमेरिकेंतील दोन यंत्रांवर उमटली. १० एप्रिल २०१९ रोजीं एम ८७ या दीर्घिकेच्या मध्याशीं असलेल्या कृष्णविवराच्या छायेचें चित्र जगानें पाहिलें. धक्का बसलेलें कृष्णविवर घंटेसारखें निनादत शांत होतें, हें गणितानें दाखविणारे सी. व्ही. विश्वेश्वर हे बंगळूरचे. आणि अशाच लहरी टिपणारें यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यांत उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली आहे. हें सर्व पाहण्यास चंद्रशेखर नव्हते. एडिंग्टन तर १९४४ सालींच निवर्तले होते.

मराठी वाचकाला या संदर्भांत आणखी एका गोष्टीची आठवण व्हावी. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलें बक्षीस मिळालें. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. तें टोपणनांव होतें. खरे लेखक जयंत नारळीकर. तोंपर्यंत त्यांची कीर्ति सर्वत्र झाली होती, आणि परीक्षकांनीं ती बाजूला ठेवून केवळ कथा पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. लंडनच्या त्या सभेंत नेमकें याच्या उलट झालें: निबंधाआधीं नांवें वाचलीं गेलीं. आपल्या साहित्यांतहि हें नित्य घडतें. नवीन कवितेला ‘ही कविताच नव्हे’ म्हणून हंसणारे अरसिक क्वचितच असतात. बहुधा ते एके काळीं उत्तम रसिक म्हणून गाजलेले असतात. त्यांच्या हंशानें एखादी कविता मरत नसेल, पण कवीचीं वर्षें जातात. सगळ्यांनाच चंद्रशेखर यांच्यासारखें विषय बदलून तितक्याच उत्साहानें काम करीत राहण्याचें बळ नसतें.

ज्यांना गणिताची भीति वाटते, त्यांनीं ‘ट्रूथ अँड ब्यूटी’ क्रमानें वाचूं नये. प्रथम एडिंग्टनवरील व्याख्यानें वाचावीं व मग सौंदर्यावरील व्याख्यानांकडे यावें. मतें पटोत वा न पटोत, आपल्या विरोधकाविषयीं न्यायानें कसें बोलावें याचा वस्तुपाठ त्यांना प्रथमच मिळालेला असेल, आणि पुढील विवेचन ते अधिक सावध मनानें वाचतील. कृष्णविवरांवरील ग्रंथ आपल्यापैकीं फार थोड्यांना वाचतां येईल. तरीहि एखाद्या ग्रंथालयांत तो दिसला, तर उघडून चार पानें चाळावीं. रुचि कशी कमवावी लागते, हें समीकरणें न समजतांहि त्या पानांवरून दिसतें.